बंद दुकानांचा देश

निवृत्त झाल्यापासून मला सकाळी फिरायला जाणंही नकोसं झालंय. कोणीतरी गाठतंच आणि विचारतं, "काय हो, जगाचं पुढे काय होणार?" जसं काही जग मला विचारूनच चालतं. मी म्हणतो, माहीत नाही. लोकांना तो विनय वाटतो.

तीस वर्षं मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर कचेरीत जाऊन जगाचं राजकारण लिहिलं. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या यायच्या, त्यांचं मराठी करायचं आणि वर आपलं थोडं भाष्य. प्रत्यक्ष परदेश पाहिला तो एकदाच. उदारीकरण नवं होतं. उद्योजकांचं एक शिष्टमंडळ भूमध्य समुद्राकाठच्या एका देशात निघालं होतं, त्यांनी मलाही नेलं. तिथलं सरकार नुकतंच पडलं होतं. राजधानीच्या शहरात चार दिवस नुसत्या बैठका. दुपारच्या जेवणानंतर तेवढा तासभर मोकळा मिळे, तेव्हा मी बाजारात हिंडायचो. सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत येऊन मी लेख लिहिला, एका देशाची बाजारपेठ कशी मरते यावर. फार गाजला.

लेख छापून आला त्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे मास्तर तो हातात घेऊन वर आले. त्यांची मुलगी संगणक शिकलेली, तिला त्याच शहरात नोकरी मिळाली होती. ती मागे दारातच थांबली.

"आपण लिहिलंय तसंच आहे ना तिथे?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, या डोळ्यांनी पाहून आलोय."

नोकरीला नकार गेला. पुढे ती खराडीच्या एका कंपनीत लागली. रोज रहदारीतून रडतखडत जायचं आणि तसंच यायचं.

बऱ्याच वर्षांनी कंपनीने तिला पंधरा दिवसांसाठी नेमकं त्याच शहरात पाठवलं. आल्यावर ती चॉकलेटं द्यायला वर आली. कसं आहे आता, मी विचारलं.

"छान आहे, काका. दुपारी दुकानं बंद असतात. रोजच. लोक घरी जाऊन जेवतात, झोपतात." मग शांतपणे म्हणाली, "आपल्यासारखंच. पूर्वीपासून."

मी जन्मभर या पेठेत राहिलेला माणूस. दुपारी अडीचला साधी टाचणी मिळत नाही म्हणून इथल्या दुकानदारांच्या नावाने बोटं मोडलेली. तेच तिथे दिसलं तर मला देश बुडालेला दिसला, कारण मला लेख हवा होता. मला तिच्याकडे बघवेना.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. तुमचा लेख अजून जपून ठेवलाय त्यांनी. आल्यागेल्याला दाखवतात. म्हणतात, या माणसाने माझ्या मुलीला वाचवलं."

काल मास्तर जिन्यात भेटले. गुडघे धरून उतरत होते. मला पाहून नेहमीसारखे भिंतीला टेकून बाजूला झाले आणि म्हणाले, "आधी आपण."