व्हीआरच्या रिकाम्या डब्यात दत्ताभाऊंना काय दिसलं

मंडळी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई. आधीपासनंच न्हाई. आमच्या गावच्या वढ्याला म्हणं एक बाई दिसायची. मी तिथं बारा वर्षं रोज सकाळी डबा घेऊन जात होतो, एकदाबी दिसली न्हाई. मला तसल्या अवतारात बगून तीच गाव सोडून गेली आसंल.

या ग्रुपवरचे अनुभव मी सगळे ऐकतो. वाचत न्हाई. सातवीत दोनदा बसलो अन् दोनदाबी तिथंच ऱ्हायलो, त्यामुळं मोबाईलच मला वाचून दावतो. आत्ताबी मी बोलतोय अन् तो टाइप करतोय. तवा चुका दिसल्या तर त्याच्या धरा. लाजिरवाणं जे काय हाय ते माझं.

तर... मी दिघीत ऱ्हातो. आर्मीची भिंत संपती तिथं तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची खोली. मी अन् सागर, दोघं पार्टनर. चाकणला कंपनीत प्रेसवर पत्र्याचे पार्ट मारतो मी. सागर दुसऱ्या कंपनीत हाय, पण त्याचा खरा धंदा गेम खेळायचा. हातात धरून खेळायचा कन्सोल हाय त्याच्याकडं — स्क्रीन मधी, दोन्ही बाजूला कंट्रोलर, ते काढता येत्यात. पोरगं त्याला उशाला घेऊन झोपतं.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. तसल्याच एका गुरुवारी सकाळी त्याचं पार्सल आलं. व्हीआर! म्हंजे काय, तर प्लास्टिकचा काळा डबा. आत दोन भिंगं, मागं इलॅस्टिकचा पट्टा. पुढचं झाकण उघडायचं, कन्सोल आत सरकवायचा, झाकण लावायचं अन् डबा डोळ्याला बांधायचा. ऑनलाइन त्याच्यापेक्षा स्वस्त एकच व्हता, तो पुठ्ठ्याचा व्हता.

सागरचा गेमवाला दोस्त तुषार आला व्हता. त्यानं पहिल्यांदा घातला. दोन मिनिटं मान हलवली अन् म्हणला, "भावा, हे व्हीआर न्हाई. हे मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय."

सागर चिडला. "फोकस कर ना येड्या, वरचं चाक फिरव."

"फिरवलं. आता दोन मोतीबिंदू हायेत."

मग सागर बसला. आत पाळण्याचा गेम व्हता, वरनं खाली सूंऽऽ करत येतो तो. तिसऱ्या वळणाला गडी उठला अन् तसाच डबा लावून मोरीकडं पळाला. सकाळचे पोहे सगळे बाहेर. मग माझा नंबर. मला समुद्र लावून दिला. देवमासा अंगावर आला अन् मी अशी उडी मारली, की एक पाय उरलेल्या पोह्यांच्या कढईत. तुषारनं सगळ्यांचे व्हिडिओ काढले. लोकांच्या रिॲक्शन म्हणून टाकायचे व्हते त्याला. माझाच सगळ्यात भारी आला. कंपनीत मी तसाच हाय, कुणाला हसायचं आसंल तर माझ्याकडं येत्यात. मीबी मागं सरत न्हाई.

मग कन्सोलची बॅटरी उतरली. सागरनं तो काढून चार्जिंगला लावला, डबा रिकामा झाला. अन् माझ्या डोक्यात किडा आला. म्हणलं, दत्ताभाऊ येणारच हायेत जेवायला. त्यांना रिकामाच डबा बांधू. झाकण लावलं की बाहेरनं काय कळत न्हाई. बगू काय म्हणत्यात.

आता दत्ताभाऊ कोण ते सांगतो. अन् इथनं पुढं हसू नका.

दत्ताभाऊ अंबाजोगाईकडचे. आळंदीत ऱ्हात्यात. आमच्याच कंपनीत, माझ्याच प्रेसवर व्हते — सात नंबर. फर्स्ट शिफ्टला मी, सेकंडला ते. दोन वर्षांमागं त्या प्रेसमधी त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. आता गेटवर बसत्यात, गाड्या आल्या की दांडा वर-खाली करत्यात. चौकशीत आलं की मशिनमधी दोष न्हाई, ऑपरेटरची चूक. मग कुणीतरी पुडी सोडली की दत्ता पिऊन उभा व्हता. ती गावापातूर गेली. त्यांचे वडील, दादा म्हणत्यात ते त्यांना, माळकरी. त्यांनी पोराशी बोलणं सोडलं. घरी फोन केला तर म्हातारा उठून बाहेर जायचा.

दत्ताभाऊंनी आयुष्यात दारूला हात लावलेला न्हाई. हे मला म्हाईत व्हतं. चूक कुणाची ते तर मला एकट्यालाच म्हाईत व्हतं.

प्रेसला दोन बटणं असत्यात. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येती. म्हंजे दोन्ही हात बटणावर, बोटं शाबूत. पण त्यानं पार्ट कमी निघत्यात. म्हणून आमी काय करतो — उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकतो, ते दबूनच ऱ्हातं, अन् एका हातानं भराभर काम वढतो. साहेबबी बगून न बगितल्यासारखं करतो. शिफ्ट संपली की आपली पाचर आपण काढून न्यायची, एवढा एकच नेम. त्या दिवशी मी काढली न्हाई. सुपरवायझरची नक्कल करायला मला चेंजिंग रूममधी बोलवत व्हते... मी पळत गेलो. तिकडं मी ढेरी काढून चालत व्हतो, सगळे हसत व्हते, अन् इकडं दत्ताभाऊंनी सवयीनं डावा हात बटणावर टेकवला अन् उजव्यानं डायमधला पार्ट सरळ करायला गेले. दुसरं बटण दाबल्याशिवाय प्रेस येत न्हाई, हा भरवसा.

वरडण्याचा आवाज आला तसा पळत आलो. सगळे त्यांच्याभोवती. माझा हात पयला कुठं गेला म्हाईताय? बटणाकडं. पाचर उपसली, खिशात घातली, मग "भाऊ! भाऊ!" करून रडाय लागलो. पाचर सांजच्याला इंद्रायणीत टाकली. अन् त्या दिवसापासनं दर गुरुवारी भाऊंना जेवायला बोलवत व्हतो. लोकं म्हणायची, बबन्या मनाचा लई मोठा.

तर व्हीआरच्या त्या गुरुवारी ते दीड वाजता आले. सागरच्या डोळ्याभोवती डब्याचा लाल वळ उठला व्हता, तो बगून म्हणले, "ह्येला कामून मारलाव रे?"

"मारलं न्हाई भाऊ, व्हीआर हाय! बसा, तुमाला दुसऱ्या दुनियेत सोडतो."

"मला हीच पुरं झाली की राव." पण बसले. माझं कधी मोडलं न्हाई त्यांनी.

मी डबा बांधला. दोन कंट्रोलर पुढं केले अन् म्हणलं, "दोन्ही हातात धरा." तोंडातनं गेल्यावर कळलं. त्यांनी उजवा हात अर्धा उचलला, परत गुडघ्यावर ठेवला. "एकच दे. चालतंय." तुषार मोबाईल धरून, सागर तोंडात उशी कोंबून.

मग तुषारनं इचारलं, "दिसतंय का भाऊ?"

"थांब. दिसायलंय."

सागरनं उशीत तोंड खुपसलं.

"काय दिसायलंय?"

"कंपनी."

तुषार गादीवर आडवाच झाला. "सुट्टीच्या दिवशीबी कंपनी!"

भाऊ हसले न्हाईत. हळू बोलत व्हते, लांबचं वाचून दावावं तसं. "सात नंबर हाय. वरची ट्यूब फडफडायलीय. फर्स्ट शिफ्ट आसंल, खिडकीतून ऊन यायलंय. कुणीतरी पाठमोरं बसलंय स्टुलावर. हातात लाकडाची पाचर हाय. पाचरीवर मार्करनं तोंड काढायलाय. डोळे... मिशा... एक मिशी लांब झाली. थुंकी लावून पुसायलाय."

"भाऊ, काय ॲक्टिंग!" सागर म्हणला.

मंडळी, त्या पाचरीवर मी तोंड काढलं व्हतं. लांब झालेली मिशी मी थुंकी लावून पुसली व्हती. त्या टायमाला भाऊ आळंदीत झोपलेले. शेजारच्या प्रेसवर कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणी ती पाचर बगितलीच न्हाई. ही गोष्ट मी स्वप्नातबी कुणाला सांगितली नव्हती.

"आता बटणात ठोकली," भाऊ म्हणले. "हसायलीय ती पाचर." गुडघ्यावरच्या उजव्या हाताचा अंगठा अन् करंगळी हलत व्हती. "त्याचं तोंड काय दिसंना... थांब. वळायलाय."

मी डबा हिसकला. पट्ट्याचं बक्कल त्यांच्या नाकाला लागलं, रक्त आलं जरा. अन् मी काय केलं? मी हसलो. झाकण उघडून दावलं अन् म्हणलं, "येड्यात काढलं भाऊ तुमाला! आत कायच न्हाई!"

भाऊंनी डबा हातात घेतला. डाव्या हाताचं बोट आत घातलं, इकडनं तिकडं फिरवलं. नाक पुसलं. "बरी गंमत केलीस बबन्या," एवढंच म्हणले, अन् न जेवता गेले.

ते गेल्यावर मी तुषारचा मोबाईल मागून घेतला, माझा कढईवाला बगतो म्हणून. अन् भाऊंचा व्हिडिओ उडवला. म्हणून तुमाला दावायला माझ्याकडं काय न्हाई. पुरावा मागणाऱ्यांनी मला शिव्या द्या, चालतंय.

संध्याकाळी सागर बाहेर गेल्यावर रिकामा डबा मीच बांधून बसलो. तासभर. अंधार, अन् प्लास्टिकचा वास. बाकी कायच दिसलं न्हाई.

पुढचे दोन दिवस मी मागच्या गेटनं आत गेलो. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, गेलो एकदाचा गेटवर. हेल्मेट घालूनच गेलो. खोटं कशाला बोलू, वाटलं मारत्याल.

"भाऊ," म्हणलं, "ती पाचर माझी. काढायची ऱ्हायली. नंतर उपसली तीबी मीच."

एक गाडी आली. त्यांनी दांडा वर केला, खाली केला. मला वाटलं ऐकू गेलं न्हाई. मग बगा माझी अक्कल — मी काय इचारलं? "पण भाऊ, रिकाम्या डब्यात तुमाला दिसलं कसं हो?"

ते माझ्याकडं वळले. "डब्यात कसं दिसलं ते मला म्हाईत न्हाई. मी तुला दोन वर्षं दिसायलो होतो ना रे?"

मी हेल्मेट काढलं. मारायचं आसंल तर मारा म्हणून. त्यांनी खिशातनं मोबाईल काढला, अंगठ्यानं नंबर लावला अन् माझ्या हातात दिला. "आमचे दादा हायेत. माझा नंबर बघून उचलतील न उचलतील. उचलला तर बोल."

उचलला. पलीकडनं नुसता श्वास. मी एका दमात बोललो, "दादा, मी भाऊंच्या कंपनीतला बबन. भाऊ त्या दिवशी पिले नव्हते. कधीच पीत न्हाईत. चूक माझी व्हती. दोन वर्षं मी दडवली." आयुष्यात पहिल्यांदा मी बोललो अन् कुणी हसलं न्हाई.

मग म्हातारा म्हणला, "त्येच्याकडं दे."

भाऊंनी फोन कानाला लावला अन् पाठ केली. "हां दादा... हां... न्हाई, आता न्हाई दुखत." थांबले. परत म्हणले, "न्हाई वो दादा. आता न्हाई दुखत." मागं तीन ट्रक हॉर्न मारत व्हते. दांडा मी वर केला.

साहेबालाबी जाऊन सांगितलं मी. तो म्हणला, फाइल बंद झालीय, गपगुमान काम कर. मी म्हणलं, लिहून घ्या. सागरनं अर्ज लिहिला, खाली माझी सही हाय. पुढं काय करत्याल ते करत्याल. कॅन्टीनमधी जे कोण "पिला व्हता" म्हणायचे त्यांच्या टेबलाला जाऊन एकेकाला सांगितलं. काही जणांना वाटलं, मी नक्कलच करतोय.

सागर म्हणतो, अंधारात मेंदू काहीबी दावतो. दाखवू दे की. पण माझ्या थुंकीनं पुसलेली मिशी भाऊंच्या मेंदूत कशी गेली? तुषार म्हणतो, डब्याचा फोटो टाक, डबा बनवणाऱ्या कंपनीला विचारू. कंपनी काय सांगणार... हे मला आजूनबी कळलेलं न्हाई, अन् कळंल असं वाटत न्हाई. भाऊ एकटेच सांगू शकले असते, की तो वळल्यावर तोंड दिसलं का न्हाई, पाचर माझी हे त्यांना आधीच म्हाईत व्हतं का न्हाई. पण ते आता गुरुवारी येत न्हाईत. अन् या म्हणायला मला तोंड न्हाई.