साहेबराव मामांची कानस

साहेबराव मामा नांदेडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. त्याआधी बारा वर्षं त्यांनी अर्धापूरला गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडल्या. लोखंडाची धारदार कड दिसली की तिच्यावर कानस फिरवायची, ही त्यांची तेव्हापासूनची खोड. माझ्या लोखंडी टेबलालाही त्यांनी सोडलं नाही!

याच खोडीनं एकदा घात केला. पीएच.डी. करणाऱ्या रेणुकानं चार महिने खेटे घालून पुण्याहून मोटारीच्या पोलादाचे दोन-दोन तुकडे लेझरनं जोडून केलेल्या तीन पट्ट्या आणल्या होत्या. चौथी मिळणार नव्हती. मामांनी पहिलीच्या कडा, कुणाला न विचारता, घासून टाकल्या आणि ती ताण देऊन ताकद मोजणाऱ्या मशीनमध्ये लावली. दोन्ही बाजूंनी ओढताच पट्टी अपेक्षेपेक्षा लवकर तुटली, तीही सांध्याच्या अगदी शेजारी.

मामांचं तोंड पडलं. कानशीचा ओरखडा राहिला तर पट्टी तिथूनच फाटते, हे त्यांना ठाऊक होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण या माणसाला गप्प बसणं कधी जमलंय?

“ताई, म्या कानस मारली हो. लई मोठी चूक झाली. बाकीच्या पट्ट्या दुसऱ्या कुणाला लावू द्या.”

रेणुका रागावली, चांगलीच रागावली. मग म्हणाली, “उरलेल्या दोन आहेत तशा लावा. आणि तुम्हीच लावा.”

मामांनी कडांना कानस न लावता पट्टी बसवली. दुसरी पट्टी तुटली, सांध्याशेजारीच, तेवढ्याच ताणाला. तिसरीही तशीच.

रेणुकानं तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, जागोजागी कडकपणा मोजला आणि मामांना जवळ बोलावलं.

“हे पोलाद कारखान्यात तापवून, झटकन गार करून कडक केलेलं असतं. लेझरनं सांधा वितळला आणि पुन्हा झटकन गार होऊन आणखी कडक झाला. त्याच्या लगतचा भाग मात्र नुसताच तापला आणि नरम पडला. म्हणून तिथं तुटतंय. तुमच्या कानशीनं नाही, मामा.”

“खरं हाय, का मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिल्या?”

“बाकीच्या दोघींना कुठं कानस लागली होती? मला हेच तर शोधायचं होतं!”

मामा व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेलो, तर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

“आता काय झालं, मामा?”

“काही न्हाई, सर. पोरीचं वाया गेलं न्हाई.”