पळसाखालचा वाघ

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल. आमच्या गावात मी नुसतं 'त्या दिवशी काय झालं' म्हटलं की लोक दात काढतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेवर माझं गॅरेज आहे. ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतो, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. पावसाळ्यात बांधावरची कळलावी, दिवाळीच्या सुमारास तारेवर बसलेला नीलपंख, थंडी सरत आली की पळस. बारा वर्षं हेच चाललंय. गावात कोणाला साप दिसो की पाखरू, फोटो माझ्या मोबाइलवर येतो: 'रफीकभाई, हे काय व्हय?' मी सांगेन तो शेवटचा शब्द. तेवढीच काय ती माझी इज्जत!

राहिला होता फक्त वाघ. पानठेलेवाल्याला दिसला, दूधवाल्याला दिसला, माझ्या मेहुण्याला तर दोनदा दिसला, आणि त्याला चष्म्याशिवाय म्हैस दिसत नाही. मला? बारा वर्षांत शेपूटसुद्धा नाही. बायको म्हणायची, तुमचं तोंड पाहूनच पळत असेल. हसायचो, पण आत लागायचं हो.

तर जानेवारीची अखेर. दामूभाऊंच्या कपाशीच्या वावराला लागून नाला आहे. त्याच्या काठचा एक पळस सगळ्यांच्या आधी फुलतो आणि त्यावर पळसमैना येतात. त्यांच्यासाठी मी उजाडायच्या आत निघालो. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही, हाताला लागलं ते ब्लँकेट उचललं. ते डोक्यावरून घेतलं आणि पळसाखालच्या झुडपात बसलो.

आठच्या सुमारास पलीकडच्या झाडावर वानरं ओरडायला लागली. खोकल्यासारखं, थांबून थांबून. अंगावर काटा आला! वानर असं ओरडलं की वाघ जवळ असतो. सगळी वानरं माझ्याच दिशेला पाहत होती. म्हणजे वाघ कुठे? बरोबर माझ्या पाठीमागे! भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, आनंदानं डोळे भरून आले.

हललो तर तो जाईल, म्हणून मान वळवली नाही. तेवढ्यात मोबाइल थरथरला. गावाच्या ग्रुपवर फोटो आला होता. कापूस वेचायला आलेल्या इंदूबाईने धुक्यातून, दुरून काढलेला. झुडपात पिवळं अंग, काळे पट्टे आणि हे एवढं तोंड. मी फोटोत दिसत नव्हतो, म्हणजे वाघाच्या आड असणार. खाली दामूभाऊंनी लिहिलं होतं, 'भाई, वाघच व्हय काय? बाया वावरात उतरून नाही राह्यल्या.'

विचारलं म्हटल्यावर मी काय सोडतो? टाइप केलं, 'वाघच. पूर्ण वाढलेला नर. पोट सुटलेलं आहे, त्यामुळे सुस्त बसलाय. कोणी जवळ येऊ नका. मी त्याच्या समोरच आहे.'

झालं! अर्ध्या तासात अख्खं गाव बांधावर. डबे आले, थाळ्या आल्या, वनरक्षक आला. दामूभाऊंचा फोन आला. ते कुजबुजत म्हणाले, "भाई, हालू नका. आम्ही डबे वाजवून त्याले पळवतो."

"नका वाजवू, दामूभाऊ," मी म्हटलं. "एक फोटो काढू द्या मले. बारा वर्षं वाट पाहून राह्यलो."

"पण तुम्ही कुठी हाये? वाघ दिसून राह्यला, तुम्ही नाही दिसून राह्यले. हात वर करा."

मी हळूच हात वर केला.

मग दामूभाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "भाई, वाघानं हात वर केला."

आता काय सांगू पुढचं! मी ब्लँकेट उतरवून पाहिलं. सासूबाईंनी लग्नात दिलेलं, वाघाच्या चित्राचं! तोंड बरोबर माझ्या पाठीवर आलेलं. वनरक्षक बांधावरच खाली बसला. बाया पोट धरून हसत वावरात उतरल्या. त्या हसण्यात मीही होतो, इतका की पळसमैनांचा थवा येऊन पळसावर बसला आणि माझा एकही फोटो सरळ आला नाही.

ग्रुपवर माझ्या निदानाखाली बायकोनं लिहिलं, 'पोटावरून मी पण ओळखलं.'

इंदूबाईचा तो फोटो आज गॅरेजात लावलाय. आणि खरं सांगू, गावानं माझी इज्जत ठेवली. अजूनही काही दिसलं की फोटो मलाच पाठवतात. फक्त आधी फोन करून विचारतात, "भाई, तुम्ही आत्ता घरीच हाये ना?"