सोळा नंबरवर साडू

अत्यंत गंभीर अंतःकरणानं जाहीर करतो की, ज्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नकाशात बघावा लागतो, त्या जिल्ह्याचं संपूर्ण सागरी दळणवळण आज माझ्या साडूंच्या हाती आहे. हसू नका. मी हसलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून मला अर्धा दिवस निंबाच्या झाडावर अँटेना धरून बसावं लागलं.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. त्यांनी अख्खी नोकरी भूमच्या बसस्थानकात माईकसमोर काढली. गाडी कुठली, फलाट कितवा, सुटणार कधी, हे तीनतीनदा सांगितल्याशिवाय त्यांनी एकाही गाडीला हलू दिलं नाही. निवृत्तीनंतर ते तेरच्या अलीकडं, धरणाच्या काठावर शेतात राहायला आले. निम्मं शेत अलीकडं, निम्मं पाण्यापलीकडं टेकडीमागं. रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा, म्हणून त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग क्लबाची जुनी इंजिनाची होडी आणली. एक दिवस टेकडीमागं इंजिन बंद पडलं. तिकडं मोबाईलला रेंज नाही. साडू वल्हवत परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि अक्का, म्हणजे माझ्या मेहुणी, दुपारपासून काठावर उभ्या होत्या. पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्यांनी तिथंच निकाल दिला, "टेकडीमागनं तुमचा आवाज मला इथं ऐकू आला पायजे. न्हाय तर ही होडी गोठ्यात जाईल, म्हशींना पाणी पाजायला." अक्का बोलतात ते करतात, हे म्हशींनाही माहीत आहे.

झालं! जहाजं एकमेकांशी बोलतात त्या सागरी रेडिओचा साडूंनी ध्यास घेतला. मुंबईच्या एका दुकानदाराला ते रोज सकाळी फोन करत. तो बिचारा म्हणाला, "काका, तलावासाठी हातातला छोटा सेट पुष्कळ झाला." साडू म्हणाले, "हातातली वस्तू माणूस विसरतो. म्या सतरा छत्र्या गाड्यांमधी विसरलोय. मला होडीला कायमचा बसवलेला पायजे." शिवाय बसवलेल्या सेटची ताकद हातातल्याच्या कितीतरी पट, हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत, माझ्या पानातली जिलेबी थंड होईपर्यंत समजावलं. एकटा रेडिओ कुणाशी बोलणार, म्हणून दोन घेतले: एक होडीत, एक घराच्या ओसरीत. मग परवान्याचा अर्ज. त्यात जवळच्या बंदराचं नाव विचारलं होतं. साडूंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, तेर. कचेरीतून फोन आला, "आजोबा, धाराशिवला समुद्र कधी आला?" साडू शांतपणे म्हणाले, "पाणी आलंय साहेब. मीठ तेवढं यायचं राहिलंय."

बसवण्याचा सोहळा चार दिवस चालला. सुकाणू धरल्या धरल्या हात पोचला पाहिजे, पण ऊन लागता कामा नये आणि पाण्याचे शिंतोडेही नकोत. ही जागा सापडावी म्हणून साडू अंगणातल्या कोरड्या होडीत दोन दिवस डोळे मिटून बसले आणि हवेत हात मारत राहिले. येणारेजाणारे नमस्कार करून जात. पुस्तिकेत लिहिलं होतं, सेट होकायंत्रापासून लांब बसवावा. साडूंकडं होकायंत्र नव्हतं. त्यांनी सोलापूरहून आणवलं, होडीच्या पार दुसऱ्या टोकाला ठोकलं आणि मगच सेटचे स्क्रू पिळले. बॅटरीची लाल-काळी वायर, तिच्यावर फ्यूज, वर उंच अँटेना. सगळं इतकं नेटकं, की होडीपेक्षा रेडिओच मजबूत दिसू लागला. मला म्हणाले, "पाव्हणं, रेडिओवरचा सोळा नंबरचा चॅनल म्हंजे चौकशीची खिडकी. तिथं नुसती हाक मारायची. गप्पा दुसऱ्या नंबरावर."

हाकेवरच घोडं अडलं. नियम असा की, ज्या होडीला बोलवायचं तिचं नाव तीनदा घ्यायचं. साडूंनी होडीवर आधी हौसेनं अक्कांचं नाव रंगवलं होतं. अक्का कडाडल्या, "जिवंतपणी मला पाण्यात घालता व्हय?" मग साडूंनी ते खोडून स्वतःचं रंगवलं. आता ते नाव अक्कांनी लग्नात उखाण्यात एकदा घेतलेलं. त्यानंतर अडतीस वर्षं नुसतं "अहो".

"मी आपली अहोच म्हणणार," अक्का म्हणाल्या.

"अहो नावाची होडी नोंदलेली न्हाय," साडू म्हणाले. "नियमानं हाक आली तरच उत्तर मिळंल. स्थानकात म्या कधी नियम मोडला न्हाय."

रेडिओच्या परीक्षेच्या सकाळी साडू इस्त्रीचा शर्ट घालून होडीतून निघाले. खिशात उत्तराचा कागद होता; तीन दिवस पाठ केलेला, "होडी सुखरूप, इंजिन चालू, चालक ठणठणीत" असा. होडी टेकडीमागं दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाजही विरला. अक्कांनी ओसरीतल्या माईकचं बटण दाबलं. "अहो, ऐकताय का?" नुसती खरखर. "अहो!" खरखर. मी वायरी हलवून पाहिल्या, दिवा नीट लागला होता. "अहो, बोला की," अक्का म्हणाल्या. त्या पाण्याकडं बघत होत्या. त्या दिवशी दुपारभर बघत होत्या तशाच. मी म्हणालो, "अक्का, मी दुसऱ्या काठानं जाऊन बघतो."

त्यांनी मला हातानंच थांबवलं. पदर डोक्यावर नीट घेतला, माईक दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला, आणि नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही स्वच्छ, एकदा, दोनदा, तीनदा घेतलं. मी गोठ्याकडं तोंड फिरवलं. असं काही ऐकायचा मला हक्क नव्हता.

बटण सुटलं. खरखर थांबली, म्हणजे पलीकडं होडीत बटण दाबलं गेलं होतं. पण कागदावरचं उत्तर काही येईना. मग ज्या आवाजानं भूमच्या सगळ्या गाड्या थोपवल्या होत्या, तोच आवाज, अगदी बारीक होऊन, टेकडीमागनं आला:

"अजून एकदा म्हण की गं."