लाल फडक्यातली डाळ

केनवडात पंचफुलाबाईची एक ख्याती होती. कुणाची मुलगी द्यायची असो की कुणाला दुसऱ्या गावी बिऱ्हाड करायचं असो, लोक तिला विचारत, "बाई, येता का पाणी पाह्याले?" पाणी पाहायचं म्हणजे तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहायची. बाई पदराला मूठभर डाळ बांधून नेई, त्या घरच्या चुलीवर उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चढवी आणि समोर बसून राही. डाळ गळली तर घर चांगलं. कण राहिला तर पाणी खारं. तिथं पोरीनं बारा महिने चुलीपुढं बसावं आणि नवऱ्याची बोलणी खावी. हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. शाळेत ती दुसरीच्या पुढं गेली नाही, पण डाळीच्या बाबतीत तिचा शब्द साहेबाच्या सहीसारखा चाले.

अशी बाई पोटच्या पोराच्या घराच्या वेळी जे करून बसली, त्याची ही गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी संघदीपला वाशिमात वायरमनची नोकरी लागली. विहारात पेढे वाटले. पंचफुला दोन दिवस कुणाशी बोलताना सुद्धा उभ्यानंच बोलत होती, एवढी ताठ. मग तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पोरगा एकटा जाणार नाही. सून सरिता जाणार, अडीच वर्षांची धम्मदीपा जाणार. राहणार कोण, तर आपण, दोन एकर वावर आणि तीन शेळ्या.

"माय, तूही चाल ना," संघदीप म्हणाला.

"शेळ्याइले काय तुह्या खांबावर बांधू?" ती म्हणाली. हसली. पण त्या दिवशी जेवली नाही नीट.

सरिता बी.ए. झालेली. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. लग्नाआधी एकदा परीक्षा थोडक्यात हुकली होती, लग्नानंतर पोटुशी झाली, ते मागं पडलं. आता शहरात जायचं म्हटल्यावर तिनं ट्रंकेतून पुस्तकं काढून उन्हात टाकली. पंचफुलेनंच ती पुसून दिली. वाचता येत नव्हतं फार, पण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी बाई ती. सून तलाठी होणार हे ती शेळ्यांना सुद्धा सांगायची.

खोली पाहायला तिघं निघाले, कडेवर पोर. पंचफुलेच्या पिशवीत दोन गाठोडी होती. पांढऱ्या फडक्यात यंदाची डाळ, खास परीक्षेसाठी. लाल फडक्यात कोठीच्या तळाची, चार वर्षांची जुनी. ती काही केल्या शिजत नसे म्हणून भरड्यासाठी जाडसर दळायची होती. केनवडच्या चक्कीचा पट्टा तुटला होता, म्हटलं वाशिमात दळून आणू.

पहिल्या दोन ठिकाणी डाळ काढायची वेळच आली नाही. घरमालकांनी आडनाव विचारलं, संघदीपनं सांगितलं, आणि खोली काल संध्याकाळीच गेल्याचं कळलं. दुसऱ्या घरी तर भाड्याची पाटी अजून टांगलेलीच होती. "पाटी काढाले इसरले असन," पंचफुला मोठ्यानं म्हणाली, मालकाला ऐकू जाईल असं.

तिसरं घर मोहनसिंग गुरुजींचं. गावाबाहेरच्या एका लेआऊटमध्ये. गुरुजी निवृत्त झालेले, बायको रीताबाई. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "उन्हाचे आले, पाणी घेता की सरबत?" मागं मोकळं अंगण, सीताफळाचं झाड, आणि भिंतीला लागून पोरापोरींची अभ्यासिका. वीस-पंचवीस खुर्च्या, पंखे, टाचणी पडली तर ऐकू येईल.

सरिता त्या अभ्यासिकेच्या खिडकीशी उभी राहिली ती हलेचना.

"बाई, तू जाय ना सकाळ-सकाळ तिथं," रीताबाई म्हणाल्या. "लेकराले मी पाह्यतो. माह्ये नातू पुण्याले, माह्ये हात रिकामे."

आणि धम्मदीपा, जी परक्याकडं पाहून भोकाड पसरायची, ती रीताबाईंच्या बांगड्या मोजत मांडीवर बसली.

पंचफुलेनं ते पाहिलं. स्टँडवरून इथपर्यंत येताना एक ऑटो, मग दुसरा, मग पायी चढ, हे तिच्या गुडघ्यांनी मोजलं होतं. केनवडहून निघा, रिसोडला गाडी बदला, वाशिमात उतरा, मग हे सगळं. आपण कितीदा येऊ? महिन्यातून एकदा? मग दोन महिन्यांतून. आणि नातीची मांडी तर आत्ताच ठरून गेली.

"गॅस आहे का वं बाई? पाणी पाह्यतो म्हटलं तुमचं," ती रीताबाईंना म्हणाली.

गंज आला, पाणी चढलं. पंचफुलेनं पिशवीत हात घातला. पांढरं फडकं वरच होतं. हात त्याच्यावरून खाली गेला आणि लाल फडक्याशी थांबला. फार नाही थांबला. माणूस शिंकायच्या आधी थांबतो तेवढाच.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. डाळ तशीच टणक. रीताबाई वाकून पाहत होत्या. "अवं, आमची तर रोज शिजते!"

"तुमचे दात सवयीचे झाले असतीन," पंचफुला म्हणाली. गुरुजी हसले. संघदीप मात्र हसला नाही. आईच्या डाळीवर त्याचा लहानपणापासूनचा विश्वास.

"गुरुजी, घर चांगलं आहे," तो म्हणाला, "पण पाणी..."

"पाण्याचा जार मिळते ना इथं," सरिता हळूच म्हणाली.

"रोज जार कोण वाहून आणन? लहान लेकरू आहे."

सरितानं पळीतला एक दाणा उचलला, बोटांत दाबला, उजेडात धरून पाहिला. सासूकडं पाहिलं. "बरं," म्हणाली.

चौथी खोली स्टँडच्या मागच्या गल्लीत, धनराजच्या टायरच्या दुकानावर. जिना अरुंद, खिडकी एक, तीही गाड्यांच्या धुराकडं उघडणारी. पण स्टँडवरून दोन मिनिटं. तिथं पांढरं फडकं सुटलं आणि डाळ लोण्यासारखी गळली. ठरलं.

पहिले तीन महिने पंचफुलेचं राज्य होतं. दर आठ दिवसांनी ती एसटीतून उतरे, पदर सावरायच्या आत जिन्यात. कधी मुगाच्या शेंगा, कधी अंबाडी, कधी शेळीचं दूध. धम्मदीपा वरून ओरडे, "आजी आली, आजी आली!" याच्यापुढं पाप काय नि पुण्य काय.

चूक झाली ती अशी की हे सुख तिला एकटीला पचेना. केनवडात ती ज्याला त्याला सांगायची, "वाशिमले चालले काय? मंग आमच्या संघदीपच्या खोलीवर जाजा. स्टँडच्या मागंच. च्या घेतल्याशिवाय येऊ नोका!"

आणि केनवड म्हणजे आज्ञाधारक गाव. ज्याचं दवाखान्याचं काम तो आला, ज्याची कोर्टाची तारीख तो आला. जातीच्या दाखल्यासाठी आलेले, पासबुकासाठी आलेले, गाडी चुकलेले, गाडीला वेळ असलेले. उकंडराव तर हर्नियाच्या ऑपरेशनआधी चार दिवस आणि नंतर नऊ दिवस राहिले. जाताना म्हणाले, "पोरी, तुह्या हातची पोई लय नरम वं. आता दुसरं बी ऑपरेशन इथंच करतो." दुसरं कशाचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पहाटे उठून वाचायचा नेम सरितानं धरला, तर पहिल्या गाडीची माणसं साडेसहाला जिना चढायची. दुपारी पुस्तक उघडलं, तर खाली टायरवर घण. आणि धम्मदीपाला त्या एका खोलीत सोडायचं कुठं? जिन्याखाली तर रस्ता. पुस्तकांच्या फळीवर पाहुण्यांच्या पिशव्या बसू लागल्या, एक्स-रेचे लिफाफे बसू लागले. त्या वर्षी तिनं परीक्षा दिली. तीन गुणांनी गेली. पुढच्या वेळी फॉर्म निघाला तेव्हा पंचफुलेनं विचारलं, "भरला का वं फॉर्म?"

"नाई आत्याबाई."

"काहून?"

"असंच." आणि ती कणीक मळायला लागली. त्या दिवशी जेवायला पाच जण होते.

केनवडच्याच भागवतची मुलगी निकिता त्याच सुमाराला वाशिमला शिकायला निघाली. तलाठ्याचीच परीक्षा. भागवत म्हणाला, संघदीपच्या खोलीवरच ठेवतो. सरितानंच त्याला थोपवलं. "भाऊ, इथं अभ्यास नाई होत. मोहनसिंग गुरुजीकडं खोली खाली आहे, मी सांगतो." आणि ती नुसती सांगून थांबली नाही, स्वतःची सगळी पुस्तकं दोन पोत्यांत भरून निकिताबरोबर दिली. फळी मोकळी झाली. पाहुण्यांना बरं झालं.

निकिता लागली. पहिल्याच झटक्यात. मानोऱ्याकडं नेमणूक मिळाली. केनवडात भागवतनं बँड लावला, आणि पंचफुला पेढा हातात धरून उभी राहिली ती बराच वेळ.

"पोरी," तिनं निकिताला गाठलं, "त्या गुरुजीच्या घरचं पाणी कसं होतं वं?"

"पाणी? चांगलं होतं की."

"डाळ शिजे?"

"आजी, मी दीड वर्ष तिथलं वरणच खाल्लं!"

पुढच्या सोमवारी पंचफुला स्टँडवर उतरली, पण जिना चढली नाही. दोन ऑटो बदलून, चढावर तीनदा बसून, ती गुरुजींच्या दारात पोचली. का गेली, तिलाही धड सांगता आलं नसतं. माफी मागायची होती म्हणावं, तर तोंडातून निघालं, "इकून चालली होती, म्हटलं भेटून जावं." त्या रस्त्यानं पुढं काहीच नाही, नुसती वावरं आहेत.

रीताबाईंनी ओळखलं. हात धरून आत नेलं, ताट वाढलं. वरण असं की बोटानं रेघ ओढावी.

"बाई, तुमी त्या दिवशी गेल्या न्, मले तर झोपच नाई," रीताबाई म्हणाल्या. "म्हटलं, वीस वर्षं आपण खारं पाणी पिऊन राह्यलो न् आपल्याले ठावं नाई? यायले म्हटलं, जा, तपासून आणा. हे गेले बाटली घेऊन." त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. "पाहा, पाणी चांगलं आहे म्हून लिहून देलं. तुमी कधी आल्या तर दाखवावं म्हून ठेवला. ते पोरगी मले लय आवडली होती. तिच्यासाठी म्या अंगणात झोका बी बांधाले लावला होता, तुमी डाळ चढवली तवाच."

पंचफुलेनं कागद उलटा-सुलटा पाहिला. शिक्का होता, सही होती. घास गिळायला तिला पाणी लागलं, तेच पाणी. रीताबाईंना खरं सांगायचं धाडस मात्र झालं नाही. "माहीच डाळ खराब असन," एवढंच ती म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

दुपारी ती खोलीवर आली. सुदैवानं कुणी पाहुणा नव्हता. धम्मदीपा झोपलेली. पंचफुला उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "सरिता, त्या दिवशी गुरुजीच्या घरी म्या जुनी डाळ टाकली होती. भरड्याची."

सरिता कपडे घडी करत होती. तिनं हातातली घडी पुरी केली.

"मले ठावं आहे."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. दाण्याले भोक होतं किड्याचं. यंदाच्या डाळीले कसं असन?"

"मंग बोलली काहून नाईस वं? तोंडावर बोलाचं होतं!"

"नवऱ्यासमोर सासूले खोटं पाडू?" सरिता म्हणाली. पुढचा कपडा घडीला घेत, "मले वाटलं, तुमीच सांगसान. आज नाई तं उद्या. सामान येऊन पडेपर्यंत वाट पाह्यली म्या."

रागानं बोलली असती तर पंचफुलेला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आता जाऊ ना तिकडं राह्याले. मी गुरुजीच्या पाया पडतो."

"ते खोली गेली आत्याबाई. दोन पोरी आहेत तिथं आता, अभ्यासाच्या. न् धम्मदीपाची शाळा इथं लागली." तेवढ्यात खालून आवाज आला, "हाय का कोणी घरी? केनवडचे आहोत!" सरिता उठली आणि चहाचं आधण ठेवलं.

गावी परत आल्यावर पंचफुलेनं विहाराच्या ओट्यावर, चक्कीवर, वावरात, सगळीकडं सांगून टाकलं, "आमच्या संघदीपनं खोली बदलली. लय दूर गेला. आता स्टँडजवळ नाई राहत."

"कुठंशी गेला?" उकंडरावांनी विचारलं.

"मलेच सापडत नाई, तुमाले काय सांगू!"

संघदीपला कळलं तेव्हा तो फोनवर चिडला. "माय, खोटं काहून सांगतं लोकाइले?"

"एक खोटं तुले सांगतलं होतं, त्याच्यापायी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला काही उमगलं नाही. सरितानंही सांगितलं नसावं.

पाहुणे हळूहळू कमी झाले. निकितानं पुस्तकं परत पाठवली, ती फळीवर पुन्हा बसली. पंचफुला अजून वाशिमला येते, पण आता दोन महिन्यांतून एकदा. गाडीत केनवडची माणसं असतातच. त्यांच्यादेखत स्टँडवर उतरून त्या गल्लीत कशी शिरणार? म्हणून ती आधीच्या नाक्यावर उतरते आणि पिशवी घेऊन, गुडघे धरत, उन्हातून अर्धा तास चालते. वाटेत दोनदा बसते. गाडीतून कुणी विचारलं तर म्हणते, "इकडंच राहते माहा पोरगा. लय दूर."

वर पोचली की आधी पाणी मागत नाही. फळीशी जाते आणि सगळ्यात वरच्या पुस्तकावरून बोट फिरवते. मागच्या खेपेला बोटाला धूळ लागली होती. तिनं पदरानं पुस्तक पुसलं, जागेवर ठेवलं. सरितानं पाहिलं, पण फॉर्मचं ना हिनं विचारलं, ना तिनं सांगितलं.