चालत येईल त्यालाच रस्सा

आमच्या रस्सा मंडळात सात माणसं. सातांची वयं एकत्र केली तर पाचशेच्या पुढं जातात. एवढ्या वर्षांत किस्से साठणार नाहीत तर काय, डोक्यावर केस साठणार? बसलाच आहात निवांत, तर थोडे सांगतो.

बाहेरगावच्या पावण्यांसाठी आधी एक खुलासा. रस्सा मंडळ म्हणजे महिन्यातनं एकदा मित्रांनी कुणाच्यातरी शेतात जमायचं, चुलीवर मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा आणि एकमेकांची लाज काढत घरी यायचं. आम्ही चाळीस वर्षं हेच करतोय. पूर्वी काळजी एकच असायची, मटण कमी पडू नये. आता निम्म्यांना शुगर, निम्म्यांना बीपी आणि मला दोन्ही! तरी मंडळ चालू आहे. म्हातारं कसं व्हावं हे मी ह्या दोस्तांकडनं शिकलो. त्यांच्या तोंडावर मात्र हे कधी सांगणार नाही, फुकट चढून बसतील.

* * *

चालायचा नियम बापूंनी काढला. बापू आमच्यात थोरले, वय शहात्तर, एकेकाळचे पैलवान. शेतही त्यांचंच, जोतिबाच्या रस्त्याला, शहरापासनं पाच किलोमीटर. सगळ्यांचे डॉक्टर एकाच सुरात "मटण कमी करा, चालणं वाढवा" म्हणायला लागले तेव्हा बापूंनी जाहीर केलं, "चालत येईल त्याला रस्सा. गाडीवरनं येईल त्याला ताक-भात. अपील न्हाय!"

पहिल्याच महिन्यात तात्या घामाघूम होऊन आले. तात्या म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. "काय हे ऊन, काय हे ऊन" करत ते सावलीला टेकले. बापूंनी त्यांना वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, कपाळावर घाम हाय, पन चपला कोऱ्या हायत. धूळ कुटं गेली?"

हेडमास्तर रिक्षानं आले होते! वळणावर उतरले, कुणाच्यातरी नळावर तोंड भिजवलं आणि शेवटची शंभर पावलं चालले. जन्मभर कॉप्या पकडणारा माणूस स्वतःच पकडला गेला! मुकाट्यानं ताक-भात खाल्ला. पुढच्या महिन्याला गडी आमच्याआधी अर्धा तास शेतात हजर, आणि सगळ्यांना चपला दिसाव्यात म्हणून पाय लांब सोडून बसलेला.

* * *

बापू रोज तालमीत शंभर जोर मारायचे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, ह्या वयात शंभर? निम्मे करा."

"बरं," म्हणाले बापू. दुसऱ्या दिवशी तालमीत मोजून पन्नास मारले आणि उठले. आम्हाला वाटलं, म्हातारा सुधारला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर पुढच्या सोप्यात सतरंजी टाकून ह्यांचे जोर चालू! मी ओरडलो, "अहो बापू, डॉक्टरांनी निम्मे सांगितलेत न्हवं?"

"मग निम्मेच हायत की! निम्मे तालमीत, निम्मे घरात!"

पुढच्या तपासणीला त्यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. खरं सांगतो, मला रागच आला.

* * *

तात्यांची गोडाची तऱ्हा वेगळी. शुगर आहे, पण जिलबी दिसली की हेडमास्तरांचा पहिलीतला पोरगा होतो. मग त्यांनी स्वतःच एक कायदा केला. एक मजला चढायचा, एक तुकडा खायचा. जिना नाही तर जिलबी नाही.

त्यांच्या नातीचा साखरपुडा चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता. लिफ्ट समोर उभी, व्याही हात धरून ओढतायत, तरी हे जिन्यानं वर! पंगतीत चार तुकडे खाल्ले आणि हात आवरला. व्याह्यांनी आग्रह केला, "तात्यासाहेब, आमच्यासाठी अजून एक!"

तात्या ताटावरनं उठले. सगळे घाबरले, पावणं रुसलं की काय!

"थांबा," तात्या म्हणाले, "गच्चीवर जाऊन येतो!"

* * *

आता आप्पा. आप्पा आमचे आचारी. सायकलचं दुकान होतं त्यांचं, पण हात असा, की त्यांच्या तांबड्या रश्श्यासाठी माणूस स्वतःच्या पोराचं लग्न पुढं ढकलेल. गेल्या वर्षी ह्याच आप्पांना हार्ट अटॅक आला. आम्ही सहाजण दवाखान्याच्या पायरीवर दिवसभर बसून होतो. बापूंसारखा पैलवान रडला. मी पण रडलो, लपवायचं काय त्यात!

आप्पा वाचले. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न काय, तर "शेतावर कवा जायचं?"

उत्तर डॉक्टरांनी नाही, त्यांच्या बायकोनं, शालन वहिनींनी दिलं. "माजी खात्री पटंल तवा."

वहिनींचं तरी काय चुकलं? लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि खाण्याच्या बाबतीत हा माणूस एकदाही खरं बोललेला नाही. बाहेर मटण हाणायचं, बडीशेप चघळत घरी जायचं आणि "आज भूक न्हाय गं" म्हणायचं! आता घरात मीठ चिमटीनं, तेल चमच्यानं आणि रोज रंकाळा तलावाला एक फेरी. मटण बंद. वहिनींनी स्वतःचंही बंद केलं. त्यांचा जीव टांगणीला लागलेला. आप्पा घराबाहेर पडले की त्यांना वाटायचं, हा माणूस कुठंतरी चोरून खाणार आणि पुन्हा त्या दवाखान्याच्या दारात आपण उभ्या राहणार.

* * *

आप्पांशिवाय मंडळाचं काय झालं ते विचारू नका. पहिल्या महिन्यात रस्सा मी केला. बापूंनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "पोस्टात हुतास न्हवं तू? मग हेच्यावर शिक्का मारून परत पाठीव!"

दुसऱ्या महिन्यात भेळ खाल्ली. तिसऱ्या महिन्यात बापू म्हणाले, "आप्पा येत न्हाय तवर चूल बंद." उरलेलं सहाजणांचं मंडळ पुढं कित्येक महिने नुसतं शेतात जाऊन, शेंगा खाऊन परत येत होतं. चालत बरं का! नियम म्हणजे नियम.

* * *

एकदा सकाळी मी आप्पांना पकडलं. मिसळीच्या हॉटेलासमोर भिंतीला टेकून उभे! म्हटलं, सापडला चोर. दबकत जवळ गेलो, तर डोळे मिटलेले आणि छाती भात्यासारखी वरखाली.

"आप्पा! काय करायलाय हितं?"

डोळे न उघडता म्हणाले, "वास घ्यायलोय. वासाला कोलेस्टेरॉल नसतंय!"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी जाऊन वहिनींना सांगितलं, म्हटलं, वहिनी, माणूस बदललाय. वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वास घिऊन झाल्यावर आत शिरलं नसतील कशावरनं, भाऊजी?"

आता बोला!

* * *

वर्ष भरत आलं. आप्पांचं नऊ किलो वजन उतरलं, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, महिन्यातनं एकदा, दोन फोडी आणि वाटीभर रस्सा, हरकत नाही. आमचं नाचायचंच बाकी होतं. वहिनी मात्र ढिम्म.

"त्या कागदावर माजा इस्वास न्हाय. ह्यांचं पोट त्या कागदापेक्षा मला जास्त ठावं हाय. मी येते संगट. डोळ्यानं बघते, मग ठरवते."

चाळीस वर्षांत मंडळात बाईमाणूस आलं नव्हतं. कोण नको म्हणणार? वहिनी पाच किलोमीटर आमच्या पुढं चालल्या. तात्यांना धाप लागली, वहिनींना नाही. आप्पा मागनं शांतपणे चालत होते. शाळेच्या निकालाला निघाल्यासारखा चेहरा.

चूल पेटली. आप्पांनी कांदा-खोबरं भाजलं, चटणी टाकली, रश्श्यावर तवंग आला, आणि आम्ही सगळे चुलीकडं सरकलो. वासानंच ओढलो गेलो. मीठ आप्पांनीच घातलं. त्यांच्या मिठाला आजवर दुसऱ्या कुणी बोट लावलेलं नाही. तळहातावर थेंब घेऊन चाटला, डोळे मिटले आणि म्हणाले, "फस्टक्लास!"

पहिली वाटी वहिनींना दिली. वहिनींनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

"ओ, ह्यात मीठ कुटं हाय?"

आप्पांच्या रश्श्याला नाव ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

"बरोबर पडलंय की!" आप्पा चिडले. पुन्हा तळहातावर घेऊन चाटलं. "कमी कुटलं? उलट जरा जास्तच खारट झालंय!"

बापूंनी वाटी तोंडाला लावली आणि मान खाली घातली. मी चाखून बघितलं. मीठ जवळजवळ नव्हतंच, वहिनींच्या घरच्या चिमटीएवढंच.

आप्पांनी आमची तोंडं बघितली आणि चुलीपाशी मटकन खाली बसले. "माजा हात गेला रं," एवढंच म्हणाले.

आणि वहिनी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. मग उठल्या, मिठाचा डबा घेतला, मूठभर मीठ हंड्यात टाकून डावानं ढवळलं, त्याआधी वाटीभर रस्सा आप्पांसाठी बाजूला काढून ठेवायला विसरल्या नाहीत. ती वाटी आणि दोन फोडी त्यांच्यापुढं ठेवल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या,

"भाऊजी, पटली माजी खात्री. पुढच्या म्हैन्यापासनं मी येणार न्हाय. ह्यांना एकट्यालाच पाठवते!"