अकरा हजार मीटरचं घड्याळ

घड्याळाचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. समुद्राच्या अगदी तळाशी, अकरा हजार मीटर खोल नेलं तरी चालत राहील असं मनगटी घड्याळ एका परदेशी कंपनीनं बाजारात आणलं होतं. फोटोत ते कुणाच्या तरी हातावर होतं आणि त्या हातापेक्षाही दांडगं दिसत होतं. पाच मिनिटांत आमच्या ग्रुपवर धुरळा उडाला.

ग्रुप म्हणजे आम्ही कोल्हापुरातले दहा-बारा घड्याळवेडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका चहाच्या दुकानाच्या माळ्यावर जमायचो. एक सराफ, एक दातांचे डॉक्टर, दोन बँकवाले, कारखान्यातले एक इंजिनिअर. बाई मी एकटीच. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घड्याळांचं वेड वडिलांकडून आलं. ते रोज सकाळी अंघोळीनंतर घड्याळाला चावी द्यायचे, आणि ती देताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

सुरुवातीला ही मंडळी मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची. हे बॅटरीचं, हे चावीचं, अशा सुरात. मी उलट उत्तरं द्यायला लागले, लोक हसायला लागले, आणि त्या टेबलावर माझी जागा पक्की झाली. ती मला जिभेनं मिळवून दिली होती. त्यामुळे जीभ गप्प ठेवली तर जागाही जाईल अशी एक भीती मनात कायम असायची. आज हे लिहिताना ते स्पष्ट दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं.

फोटोवर सराफांनी लिहिलं, "हे मनगटाला बांधायचं का ट्रकच्या चाकाखाली लावायचं?"

डॉक्टरांना पातळ, नाजूक घड्याळं आवडत. ते खरोखरच चिडले होते. "याला घड्याळ म्हणणं हा घड्याळांचा अपमान आहे," त्यांनी लिहिलं. "समुद्राच्या तळाला जाऊन वेळ कुणाला विचारायची आहे? माशाला?"

इंजिनिअरनी मात्र लांबलचक मजकूर टाकला. काच किती जाड असेल, मागचं झाकण कसं बसवलं असेल, पट्टा असा का घेतला असेल. मी लिहिलं, "आपल्याकडं खोल म्हणजे रंकाळा. तेवढ्याला माझं चालतंय." त्यावर हसणारे चेहरे भराभर आले.

एकाच माणसानं सरळ लिहिलं, "लई भारी हाय. एकदा हातात घेऊन बघाय मिळालं पायजे."

हे गृहस्थ पेठ वडगावचे. घरची थोडी शेती, दोन म्हशी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख पाण्यात उतरणारा माणूस अशी. नदीकाठाला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या विहिरी असतात. त्यांच्या पाइपाच्या तोंडाशी गाळ, फांद्या, प्लॅस्टिक अडकतं आणि मोटर पाणी उचलेनाशी होते. मग कंबरेला दोर बांधून, छाती भरून श्वास घेऊन कुणीतरी खाली जायचं आणि हातानं ते मोकळं करायचं. ते काम हे करत. कुणी बुडालं तरी बोलावणं यांनाच. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक. हातात कुणाचं तरी वापरलेलं, जुनं, पाण्यात चालणारं घड्याळ. काचेवर इतके ओरखडे की अंक शोधावे लागत. सराफांच्या दुकानात त्यांची ओळख झाली आणि सराफांनीच त्यांना ग्रुपवर घेतलं. रविवारी ते सगळ्यांच्या आधी येत, कोपऱ्यातली खुर्ची घेत आणि फारसं न बोलता ऐकत बसत.

काही महिन्यांनी सराफांचे दुबईचे मेहुणे सुट्टीवर आले. त्यांच्या हातात तेच घड्याळ. सराफांनी एका रविवारपुरतं ते मागून आणलं. त्या दिवशी माळ्यावर बसायला जागा नव्हती.

सराफांनी रुमालाची घडी उघडून ते टेबलावर ठेवलं. मग सगळे एकदम बोलू लागले.

"अहो, हे फोटोत बरं दिसत होतं!"

"शर्टाची बाही याच्यावरून जाते का बघा. न्हाय जात."

"हलकं आहे पण," सराफ ते तळहातावर सोन्यासारखं तोलत म्हणाले. "टायटॅनियम. दिसतंय त्याच्या निम्मंसुद्धा वजन नाही."

चिडलेल्या डॉक्टरांनी ते हातावर चढवलं, दोन-तीनदा मनगट फिरवलं आणि काढायचं नाव घेईनात. "डिझाइन वाईटच आहे," ते म्हणाले, "पण काम प्रामाणिक आहे." आम्ही सगळे हसलो. मीही घालून बघितलं. माझ्या हातावर ते कुलपासारखं दिसत होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

शेवटी ते वडगावच्या पावण्यांकडं गेलं. ते पहिल्यांदा आल्यापासून आम्ही त्यांना पावणं म्हणायचो, ते तसंच राहिलं होतं. त्यांनी ते हातात घातलंच नाही. दोन्ही हातांत धरून, खिडकीच्या उजेडाकडं वळून ते बराच वेळ बघत राहिले. काचेवर अंगठा फिरवला. मग ओंजळीत झाकून आतल्या अंधारात रेडियम कसं चमकतं ते एक डोळा मिटून पाहिलं.

"ज्यानं केलंय त्याला पाणी म्हाईत हाय," ते म्हणाले.

इतके दिवस न बोललेला माणूस बोलायला लागला म्हणून सगळे त्यांच्याकडं वळले. ते सांगू लागले. चाळीस फुटांवर कान कसे दाबले जातात, बरगड्या आत कशा येतात, वरचा उजेड कसा जातो. "आणि मॅडम, हिरीपेक्षा नदीत दाब जास्त. पाणी जेवढं पसरलेलं, तेवढं वजन जास्त पडतं की अंगावर. समुद्रात तर इचारूच नका."

माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं. तेव्हा मी खडू खाली ठेवते, त्या मुलाला जवळ बोलावते आणि शांतपणे समजावते. त्या दिवशी मी तसं केलं नाही.

"थांबा, मी सांगतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, आणि जोरात बोलायचं असलं की माझ्या तोंडी तेच येतं. "पाणी किती पसरलंय याचा काही संबंध नाही. विहीर असो, नदी असो, अरबी समुद्र असो, दाब फक्त खोलीवर असतो. हे नववीच्या पुस्तकात आहे. तुमच्या चाळीस फुटाला किती दाब? वर हवेचा आहे त्याच्या दुपटीला जरा जास्त. आणि या घड्याळाला अकराशेपट सोसायचा आहे. नखाएवढ्या जागेवर टनभर वजन."

"व्हय?" ते म्हणाले. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. चेहऱ्यावर नाराजी नव्हती, उलट उत्सुकता होती. मी तिथं थांबायला हवं होतं. पण बाकीचे माझ्याकडं बघत होते, पुढचं वाक्य काय येतंय याची वाट बघत होते.

"आणि तुम्हाला तर घड्याळच कशाला लागतं?" मी म्हणाले. "श्वास धरून जाणारा माणूस. दम संपला की कळतंयच की वेळ झाली!"

माळा हसण्यानं दणाणला. सराफांनी टेबलावर हात आपटला. पावणंही हसले. हसत हसतच त्यांनी ते घड्याळ रुमालावर ठेवलं, रुमालाची चारी टोकं नीट आत घेतली आणि म्हणाले, "खरं हाय मॅडम. आमी कुठं शिकलोय."

मला ते तेव्हाच टोचलं होतं. पण चहा आला, विषय बदलला, आणि मी टोचणी बाजूला सारली. जिन्यावरून उतरताना ते माझ्या पुढंच होते. दोन शब्द बोलता आले असते. मी स्कूटरची किल्ली शोधत राहिले.

पुढच्या महिन्याच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. ग्रुप त्यांनी सोडला नव्हता, त्यामुळे कुणाला फारसं जाणवलं नाही. ऊसतोड आहे, कामात असतील, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही ते मान्य केलं. मग एप्रिलमध्ये सराफ सहज बोलता बोलता म्हणाले, "अहो, आपले वडगावचे पावणं, त्यांचा एक कान गेला म्हणे. पाण्यात काहीतरी झालं."

काय झालं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मी चार दिवस स्वतःला सांगत राहिले की याचा आपल्याशी काही संबंध नाही. पाचव्या दिवशी कॉलेज सुटल्यावर स्कूटर काढली आणि वडगावला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या टपरीवर विचारलं, तर तिघांनी एकदम रस्ता सांगितला. ते गोठ्याच्या दारात वैरण टाकत होते. मला बघून गडबडीनं हात धुतले, खुर्ची आणवली, बायकोला मोठ्यानं चहा टाकायला सांगितलं. आवाज पूर्वीपेक्षा बराच चढा झाला होता. माझी नजर त्यांच्या मनगटाकडं गेली. तिथं घड्याळाच्या जागेचा फिका पट्टा तेवढा उरला होता, तोही उन्हानं भरत आला होता.

"कान कसा गेला?" मी मोठ्यानं विचारलं.

"सर्दी हुती त्या दिवशी. जायला नको हुतं, पर ऊस वाळत हुता लोकांचा. खाली गेल्यावर कान फुटला. डोकं असं गरगरलं की वर कुठलं आन् खाली कुठलं कळंना. मला वाटलं आताच आलोय, दम हाय अजून. वर दोर धरणाऱ्याला शंका आली म्हणून त्यानं वडला. तवर पाणी पिलं हुतं मी."

"आणि घड्याळ?"

"ते मेव्हण्याला दिलं. त्याला लई दिवस आवडायचं." ते हसले. "तुमी म्हणालासा ते पटलं मला. शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हंजी खरंच असणार. घरात पण सगळी म्हणायचीच, कशाला ही हौस."

मग त्यांनी, मी न विचारता, ते घड्याळ मुळात का घेतलं होतं ते सांगितलं. त्यांचा थोरला चुलतभाऊ त्यांच्याआधी हेच काम करायचा. यांना पाण्यात उतरायला त्यानंच शिकवलं. असाच एका विहिरीत पाइप मोकळा करायला गेला आणि वर आलाच नाही. कशात अडकला नव्हता, जखम नव्हती. पाइपाला धरून बसल्यासारखा सापडला. यांनीच त्याला वर आणलं.

"खाली दम खोटं बोलतो मॅडम," ते म्हणाले. "वर चार मोठे श्वास घिऊन गेलं की खाली लई बरं वाटतं. वाटतं, अजून हाय, अजून हाय. त्याला तसंच वाटलं असणार. मग मी घड्याळ घेतलं. गढूळ पाण्यात आपला हात दिसत न्हाय, पर रेडियमचा काटा दिसतो. सेकंदाचा काटा एक फेरा मारून आला की काम अर्धं असलं तरी वर यायचं. कितीबी दम असंना."

मी फिजिक्स शिकवते. जोरजोरानं श्वास घेऊन पाण्यात गेलं की दम संपल्याची जाणीव उशिरा होते, हे मी कुठंतरी वाचलेलंही होतं. त्या रविवारी मला ते आठवलं नाही, कारण मी आठवायचा प्रयत्नच केला नाही. सगळ्या माळ्यावर घड्याळाची खरी गरज असलेला एकच माणूस होता, आणि त्याला घड्याळ कशाला, असं मी सगळ्यांना हसवत विचारलं होतं.

हातात घड्याळ असतं तर कान वाचला असता असं मी म्हणू शकत नाही. कान सर्दीमुळं फुटला, डोकं कानामुळं गरगरलं, त्या भोवळीत काटा दिसला असता की नाही कोण जाणे. हे मी मनात कितीदा तरी मांडून बघितलंय. दर वेळी माझी सुटका होते आणि दर वेळी ती मला खोटी वाटते.

त्यांच्या बायकोनं चहा आणला. ती आत गेल्यावर, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते तिथूनच, मान खाली घालून हळू आवाजात बोलले. म्हणाले, त्या दिवशी माझं चुकलं. मी लोकांना हसवायला बोलले. तुमचं घड्याळ तुम्ही परत मागून घ्या. एवढं बोलायला मला वडगावपर्यंत यावं लागलं होतं.

बोलून झाल्यावर वर बघितलं. ते गोठ्याकडं बघत शांतपणे चहा पीत होते. मग माझी नजर जाणवून वळले आणि उजवा कान पुढं केला.

"काय म्हणालासा? या अंगाला आता काय ऐकू येत न्हाय बगा."

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं, म्हशींच्या आणि आतल्या बायकोच्या देखत बोलायचं होतं.

"काही नाही," मी ओरडून म्हणाले. "चहा चांगला झालाय."

"घरचं दूध हाय," ते खूश होऊन म्हणाले.

निघताना त्यांनी लहान किटलीतून दूध दिलं, किटली परत करायची गडबड नाही असंही सांगितलं. घरी आल्यावर मी फोनवर सगळं लिहून काढलं, तीनदा खोडलं, आणि दुसऱ्या दिवशी एकदाचं पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. जोडलेले दोन हात, तेवढेच. ग्रुपवरच्या सुप्रभातलाही ते असेच हात पाठवतात. त्यांनी ते वाचलं की नुसते हात जोडले, ते मला अजून कळलेलं नाही.